पहिला अंगठा

"टॉर्चच्या ॲपला माझ्या बायकोच्या फोनमधले नंबर कशाला हवेत?" मकरंद मोबाइलच्या दुकानात असा काही कडाडला, की शलाकाला नवऱ्याचा अभिमानच वाटला.

तिचा जुना फोन ओट्यावरून पडून फुटला होता. नवा स्वस्तातलाच घ्यायचा होता. पण स्वस्त फोनमध्ये नको ती ॲप आधीच भरलेली, आणि त्या प्रत्येकाला तिचे फोटो हवेत, ती कुठे जाते तेही हवं. मकरंदने त्यावरून दुकानदाराची चांगलीच हजेरी घेतली. शेवटी त्यातल्या त्यात साधा फोन निवडून त्याने एकेका ॲपला स्वतः 'नको' म्हटलं.

"दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसणारे हे कोण?" असं म्हणत त्याने फोन उघडायला पहिला अंगठा स्वतःचाच नोंदवला. मग शलाका कुठे आहे ते आपल्या फोनवर दिसत राहील, अशी सोयही करून टाकली.

"अहो, हे कशाला?"

"मी काय परका आहे? जुन्यातही होतंच की!"

म्हणजे बहिणीकडे जरा रेंगाळलं की "अजून तिथेच?" म्हणून याचा फोन यायचा, तो योगायोग नव्हता. शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि दुकानदारापुढे धरला.

"दादा, मघाशी यांनी टॉर्चला 'नको' म्हटलं ना? आता यांना कुठून म्हणायचं, ते मला दाखवा."