घारीचा घास

सासरे दर रविवारी नाहूरच्या आमच्या गच्चीवर बांगड्याचं डोकं हातात उंच धरायचे आणि घार ते अलगद उचलून न्यायची.

ते गेले. सुतक फिटल्यावर घरात पहिल्यांदा मासे आले, तेव्हा सासूबाईंनी डोकं गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. घार नुसतीच वर घिरट्या घालत राहिली.

"ठेवलेला ती घेणा नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "तिका हातातलाच लागता."

उन्हात आमच्या दोघींच्या सावल्या पडल्या होत्या. त्यांच्यामध्ये तिसरी सावली होती, हात उंचावलेली.

घार झेपावली आणि आमच्या दोघींच्या मधल्या रिकाम्या हवेतून काहीतरी पंजात धरून वर गेली. कठड्यावरचं डोकं तसंच होतं.

"घारीसाठी इले," सासूबाई हळूच म्हणाल्या. "माज्यासाठी नाय."