चौसाळ्याची एसटी

पाटोद्यातल्या पहिल्या कॉम्प्युटर क्लासात वर्षाराणी शिकवायची. पाणबुडीच्या गेममध्ये तिथं शिकायला येणाऱ्या भागवतचा प्रत्येक टॉर्पेडो जहाजाच्या मागून निघून जायचा, तेव्हा तिनंच त्याला समजावलं, "जहाज हाय तिथं मारू नको, पोचनार हाय तिथं मार." हळूहळू तो एकटाच समुद्र धुंडाळून जहाजं बुडवायला शिकला.

पुढं त्यानं तिला मागणी घातली, तिनं साफ नकार दिला. तेव्हापासून ती कुठल्याही वाटेनं जावो, हा तिथं आधीच उभा. "किती वाटा बदलशील?" म्हणून हसायचा.

एके दिवशी क्लासात ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीनं चौसाळ्याला चाललेय मी, एकलीच."



भागवत चौसाळ्याच्या फाट्यावर आधीच येऊन थांबला होता. एसटीतून काठ्या घेतलेले तिचे तिघे भाऊ उतरले.