ऐकण्याचा सराव

“बाई, तुमच्याकडे ऐकायचं काम,” सिस्टर कानाशी पुटपुटली आणि पुढे सरकली. मग ती बाईंच्या समोर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या कानाशी वाकली. शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे मिस्त्रीच म्हणत. मिस्त्रींनी मान डोलावली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये बारा माणसं दोघादोघांच्या जोड्या करून समोरासमोर बसली होती. गेल्या शनिवारी इथेच, वयात येणाऱ्या मुलांशी कसं बोलावं, याचा वर्ग झाला होता. आज खचलेल्या माणसाचं ऐकायचा सराव होता. एकाने दुःखी माणसाचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

“वाट्याला काय आलंय ते जोडीदाराला सांगायचं नाही,” सिस्टर म्हणाली. आरोग्य केंद्रातली ही मुलगी तिसरीत बाईंच्याच वर्गात होती. “समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बाई, विशेषतः तुम्ही!”

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत.

पाच महिने झाले, ते हसलेच नव्हते. घरी असले की पलंगाच्या कडेला बसून राहायचे. विचारलं तर, “काही नाही.” बाईंनी एकदा केंद्रात चला म्हटलं, तर ताडकन म्हणाले होते, “मी काय वेडा झालोय?” आज “मला सोबत हवी” एवढं खोटं सांगून बाईंनी त्यांना आणलं होतं. सराव संपला की सिस्टरला बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पस्तीस वर्षं लोकांची मुलं बोलती केली, आणि घरातला माणूस हातातून निसटत चालला होता.

बराच वेळ दोघंही गप्प होते. शेजारच्या जोडीत बेकरीवाला पोस्टमनला सांगत होता, “पोरीनं विचारलं, पाळी म्हणजे काय. आणि मी, एवढा दांडगा बाप, भट्टी बघून येतो म्हणून पळालो हो! तेव्हापासून ती मला काहीच विचारत नाही.”

बेरकी आहे, बाईंना वाटलं. नाटकात शोभेल.

“मी रोज दहाला निघतो,” मिस्त्री एकदम म्हणाले.

बाई सावरून बसल्या.

“दुकानाशी जातो. किल्ली कुलपात घालतो. फिरवत नाही. हातच चालत नाही. मग बागेत जाऊन बसतो, सहापर्यंत.”

बाईंना बरं वाटलं. छान रचलं होतं. घरचे मिस्त्री दिवसभर दुकानात असतात, संध्याकाळी डबा रिकामा करून आणतात.

“बाकाशी एक कुत्रं येतं,” मिस्त्री म्हणाले. “ते माझी वाट बघतं. तेवढंच.”

बाईंच्या ओठावर सल्ला आला होता. त्यांनी तो गिळला.

“कधी वाटतं, सकाळ होऊच नये. कुणाला सांगणार? सगळ्यांची बिघडलेली मशिनं माझ्याकडे येतात. लोक म्हणतील, याचंच डोकं बिघडलं.”

“आधी कुणाशी बोललात?” बाईंनी हळूच विचारलं.

“नाही. आज पहिल्यांदाच.”

सिस्टरने टाळी वाजवली. वेळ संपली.

चहा आला. मिस्त्रींनी दोन बिस्किटं खाल्ली आणि आणखी एक कप मागितला. बेकरीवाला म्हणाला, “मिस्त्री, माझी बिस्किटं खाऊन कुणी दुःखी राहत नाही,” आणि मिस्त्री हसले. खरंच हसले, खांदे हलवून.

“अहो, एवढं सगळं सुचलं कुठून तुम्हाला?” बाईंनी त्यांना विचारलं.

“सुचलं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, “हे पुढच्या शनिवारीही आहे का?”

बाईंच्या उरावरचा धोंडा उतरला. इतकं रंगवून सोंग घेणारा माणूस आतून मोडलेला असेलच कसा? उगाच जिवाला घोर लावून घेतला आपण. आता सिस्टरला काही सांगायची गरज उरली नव्हती. मिस्त्री बाहेर चपला घालत होते. बाई निघता निघता नुसतं कौतुक करायला थांबल्या.

“पोरी, ह्यांना बोलायचं काम दिलंस, फार बरं केलंस. आणि तो बेकरीवाला! पोट धरून हसायला लावलंन मेल्यानं. कुणाला काय सोंग शोभेल ते कसं गं नेमकं ओळखलंस?”

सिस्टर खुर्च्या एकावर एक रचत होती. हातातली खुर्ची तिने खाली ठेवली.

“बाई,” ती म्हणाली, “सोंग घ्यायला मी आज कुणालाच सांगितलं नव्हतं.”