गाळून उपसा

सकाळी नऊला लियाकत विहिरीवर पंप घेऊन आला. विहीर उपसायची, मुरूम टाकून बुजवायची आणि वर ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी दिव्यांची अक्षरं उभी करायची, असा ग्रामपंचायतीचा ठराव होता. गावावरचं प्रेम रात्रीही दिसायला हवं होतं.

मुरमाचे चार डंपर रांगेत उभे होते. काठावर गुणमालाकाकी दुहेरी पांढरं फडकं घेऊन उभ्या होत्या. वय सत्तर, घर विहिरीसमोर.

“काकी, सरका. पंप सोडतो,” लियाकत म्हणाला.

“गाळल्याबिगर पाणी काढायचं न्हाई. आन् पंपात जीव चिरडत्यात. बादलीनं काढा.”

सरपंच लालासाहेब बुलेटवरून उतरले. जैन गल्लीत साठ मतं होती. “त्यांचा धर्म हाय. काकी सांगतील तसाच उपसा हुईल. माझा शब्द!” ते चारचौघांत म्हणाले. चारचौघांनी टाळ्या वाजवल्या.

पाच गडी बादल्या ओढू लागले. पाणी गाळून गटारात जाऊ लागलं. दहाव्या बादलीला काकींनी फडकं उचललं. त्यात शेवाळ होतं, बारीक गोगलगायी, पाणकिडे आणि नखाएवढी तीन माशांची पिल्लं. काकींनी ते गाळलेल्या पाण्यानं एका बादलीत खळबळून घेतलं. ह्या बादलीच्या बुडाला कडी होती, कडीला दुसरा दोर. बादली पाण्याला टेकेपर्यंत त्यांनी अलगद खाली सोडली, मग दुसरा दोर ओढून तिथंच उपडी केली. वरून ओतलं की जीव दुखावतात.

“आवं, परत हितंच सोडताय?” लालासाहेबांचा आवाज चिरकला.

“ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात. तसाच नेम हाय.”

“कॅनॉलला सोडा की!”

“उद्या तुमाला उचलून कर्नाटकात सोडलं तर चालंल?”

लियाकत पंपाआड तोंड लपवून हसला.

दुपारी बारापर्यंत पाणी चार बोटं खाली गेलं. गडी भाकरी खाऊन आले तोवर झऱ्यांनी ते परत भरलं. लालासाहेबांनी काठावरून वाकून पाहिलं. एक कासव वर आलं, त्यांच्याकडे बघून खाली गेलं.

“काकी, असं किती दिवस चालायचं?”

“शब्द तुमचा हाय. मला काय, मी रोज गाळतीया.”

तिसऱ्या प्रहरी दोन गडी घरी गेले. काकींनी मात्र फडकं काही सोडलं नाही. शेवटी लालासाहेबांनीच बाह्या वर सारल्या आणि फडक्याची दोन टोकं धरली.

“ह्या तर डासांच्या अळ्या, काकी!”

“माशांचं जेवाण हाय ते. कडा वर धरा, सांडंल.”

फडक्याच्या मध्यावर केसाएवढं काहीतरी हललं. लालासाहेबांनी श्वास रोखला आणि कडा आणखी वर उचलल्या. मागून डंपरवाल्यानं जोरात हॉर्न दिला.

“थांब रं गड्या,” नजर न हलवता ते म्हणाले, “हितं बारकी पोरं हायत.”