बबडीचा उजवा हात

"कुणी ओढला का हिचा हात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दोन वर्षांची बबडी आजीच्या मांडीवर होती. आजीच्याच. उजवा हात अंगालगत लोंबत होता, डाव्यानं आजीचं बोट घट्ट धरलं होतं. शेजारच्या खुर्चीत आई, मांडीवर नुसती पिशवी घेऊन.

बबडीनं दुपारचं बिस्किट डाव्या हातानं घेतलं, उजवा उचललाच नाही, तेव्हा आई पिशवी घेऊन दारात उभीच राहिली होती. तिला थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं होतं. "अगं, बोटं हलतायत, सूज नाही," सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ. तिथे आधी वेळ घ्यावी लागत नाही." नेहमीप्रमाणे त्यांचंच बरोबर निघालं. दोन खोकलेवाले आणि बोटात काच गेलेला एक सुतार, यांच्यामागे अर्धा तास बसावं लागलं, एवढंच. त्या अर्ध्या तासात बबडी सतरा वेळा 'आजी' म्हणाली. 'आई' एकदा, तेही पाणी हवं होतं म्हणून. आईनं मोजलं होतं.

"मीच ओढला," सासूबाई म्हणाल्या.

आईच्या मनात काहीतरी टुणकन उडालं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई चुकल्या होत्या!

"म्हणूनच मी पाळणाघराचं म्हणत होते," ती लगेच म्हणाली. "सोमवारपासून तिकडेच ठेवू हिला."

सासूबाईंनी होकारार्थी मान डोलावली. बबडीच्या केसांतून फिरणारा त्यांचा हात तेवढा थांबला.

डॉक्टरीणबाईंनी बबडीचं कोपर धरलं, तळहात वर फिरवला, हात दुमडला. टक्. बबडीनं भोकाड पसरलं, आणि पाचच मिनिटांत उजव्या हातानं टेबलावरचं पेन पळवलं.

"झालं काम," पेन सोडवून घेत डॉक्टरीणबाई हसल्या. "हात धरून हिसका दिला की कोपरातलं हाड जरा सरकतं. कुणाच्याही हातून होतं. त्या क्षणी मूल किंचाळतं, मग गप्प होतं आणि हात वापरत नाही. आज कधी रडली होती?"

"सकाळी," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "लिहा ना, आजीच्या हातून झालं."

सकाळी. बबडी आजीच्या पलंगाला चिकटून बसली होती, खाली उतरेना. आईनं मनगट धरून खेचलंच होतं तिला. 'दोन मिनिटं माझ्याकडे आलीस तर एवढा गळा काढायला काय झालं?' असं ओरडलीही होती. सासूबाई पलंगावरून नुसत्या पाहत होत्या.

पेन कागदाला टेकलं.

"ते नका लिहू," आई म्हणाली. "सकाळी ती एकदाच रडली, मी ओढलं तेव्हा. मला वाटलं, आजीसाठी रडतेय."