गाळलेली ओळ

कार्यक्रमाला परवानगी देताना फौजदारांनी गाण्याच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “भीमरत्न, बाकी सगळं चालतंय. ही ओळ बेडा, नको. गायलास तर पेटी जप्त.” पाट्या मराठीत हव्यात की कानडीत यावरून भांडणाऱ्या पुढाऱ्यांना भीमरत्ननं त्यात विचारलेलं, ‘पाटीवरून भांडा खुशाल, खड्डा कुणाचा सांगा.’ पेटी वडिलांची, म्हणून त्यानं मान डोलावली. जयंतीला वडगावच्या चौकात तो गायला बसला, तर फौजदार पहिल्याच रांगेत. ती जागा आली. त्यानं ओळ नुसती पेटीवर वाजवली, तोंड मिटलं. पण गाणं आधीच मोबाइलवरून घराघरांत गेलेलं. अख्ख्या चौकानं ओळ उचलली. फौजदार उठले, चौकाकडं वळले, भीमरत्नच्या मिटलेल्या तोंडाकडं बघत परत बसले. पेटी पोटाशी धरून तो निघाला, तर आई म्हणाली, “सगळा चौक गायला रं. तूच तेवढा विसरलास व्हय?”