शेवटच्या चढाईचा निकाल

दुपारी चार वाजता हृदयरोग विभागातल्या दोन शेजारच्या बेडवरचे मॉनिटर एकदम ओरडू लागले.

एका बेडवर मगदूम होते, एकेकाळचे कबड्डीपटू. दुसऱ्यावर हसबनीस मास्तर. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईवर मगदुमांना बाद देणारे पंच ते हेच. दोघांचंही ऑपरेशन उद्यावर आलेलं. वाद मगदुमांनी काढला होता.

"उद्या छाती उघडणार. आता तरी कबूल करा मास्तर, माझा दम तुटला नव्हता."

"माझीही उघडणार आहे. अशा वेळी खोटं कसं बोलू? रेषेच्या वीतभर अलीकडे तुटला."

"मग ऐकाच!" म्हणत मगदुमांनी "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. ऐकता ऐकता मास्तरांनीही श्वास रोखून धरला.

सिस्टर धावत आली. "कुणाचा आधी तुटला?" दोघांनी धापा टाकत विचारलं.

"आजोबा, मशीनवर तुमचे ठोके जोडीनं चढले, जोडीनंच उतरले. गप्प पडा आता!"

हा निकाल दोघांनीही अमान्य केला. डॉक्टरांनी ऑपरेशनं पुढे ढकलली, बेड लांब हलवायला सांगितले. त्याला मात्र दोघांनी मिळून हरकत घेतली. सायंकाळी सातपर्यंत बेड हलले नव्हते आणि वादही मिटला नव्हता.